घोषप्रकार : पीटर लॅडेफोगेड यांचे संशोधन

फुप्फुसांतून वर येणाऱ्या हवेने स्वरयंत्रातील स्वरतंतू ज्या रीतीने कंप पावतात, तिच्यावरून पडणाऱ्या आवाजाच्या भेदांना घोषप्रकार म्हणतात. स्वनविज्ञान (भाषेतील ध्वनींचे शास्त्र) आणि आवाजविकारांची चिकित्सा या दोहोंचा हा सामाईक विषय असून त्याच्या आजच्या मांडणीत पीटर लॅडेफोगेड (१७ सप्टेंबर १९२५ – २४ जानेवारी २००६) या ब्रिटिश स्वनवैज्ञानिकाचा वाटा मोठा आहे. एका भाषेत जो आवाज बिघडलेला वाटेल, तोच दुसऱ्या भाषेत शब्दाचा अर्थ बदलणारा असू शकतो, हे त्यांनी १९८३ साली स्वरतंतूंच्या शरीरक्रियेवरील एका लेखात दाखवून दिले. चिकित्सकांना ‘निरोगी आवाज’ या कल्पनेकडे नव्याने पाहायला लावणारे त्यांचे सर्वांत महत्त्वाचे विधान हेच म्हणावे लागेल.

लॅडेफोगेड यांचा जन्म इंग्लंडमधील सटन येथे झाला. एडिंबरा विद्यापीठात डेव्हिड ॲबरक्रॉम्बी यांच्या हाताखाली ते स्वनविज्ञान शिकले. बोलताना प्रत्येक अक्षरागणिक छातीचे स्नायू एकेक झटका देतात, हे आर. एच. स्टेटसन यांचे मत त्या काळी प्रचलित होते. लॅडेफोगेड यांनी १९५०च्या दशकात ड्रेपर आणि व्हिटरिज या शरीरक्रियावैज्ञानिकांसमवेत बरगड्यांमधील स्नायूंची विद्युत्‌क्रिया नोंदवली आणि अन्ननलिकेत सोडलेल्या लहान फुग्याच्या साहाय्याने स्वरतंतूंखालील हवेच्या दाबाचा अंदाज घेतला. अक्षर आणि स्नायूंचा झटका यांची अशी एकास एक जोडी जुळत नाही, असे त्यातून निष्पन्न झाले. कानाने टिपलेल्या वर्णनाला शरीरातील मोजमापाची जोड हवीच, हा आग्रह त्यांच्या पुढील सर्व कामात दिसतो. नायजेरियातील इबादान येथे अध्यापन करीत असताना त्यांनी पश्चिम आफ्रिकेतील अनेक भाषांचे ध्वनी तपासले. १९६२ पासून ते लॉस अँजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात होते आणि तेथील स्वनविज्ञान प्रयोगशाळा त्यांनीच उभी केली. १९९१ मध्ये ते निवृत्त झाले, तरी क्षेत्रीय अभ्यास थांबला नाही. निलगिरीतील तोडा भाषेचा अभ्यास करून भारतातून परतत असताना लंडन येथे त्यांचे निधन झाले.

स्वरतंतूंमधील फट किती उघडी वा मिटलेली आहे, यानुसार लॅडेफोगेड यांनी घोषप्रकार एका सलग रेषेवर मांडले. एका टोकाला फट पूर्ण उघडी असते आणि कंपन नसते. तो अघोष उच्चार होय. दुसऱ्या टोकाला ती घट्ट मिटून हवा अडते. मधोमध, स्वरतंतू नियमितपणे एकत्र येऊन विलग होतात तेव्हा सामान्य घोष निर्माण होतो. तंतू कंप पावत असूनही नीट मिटत नाहीत आणि हवा जादा निसटत राहते, तो श्वासयुक्त घोष. तंतूंची मागची बाजू दाबून धरलेली असल्याने कंपने संथ आणि अनियमित होतात, तो करकरीत घोष. श्वासयुक्त घोषात मूळ कंप्रतेचा (दर सेकंदाला होणाऱ्या कंपनांच्या संख्येचा) घटक तिच्या दुप्पट कंप्रतेच्या घटकापेक्षा बराच प्रबळ होतो, तर करकरीत घोषात हे अंतर घटते किंवा उलटते. हा फरक साध्या ध्वनिमुद्रणावरूनही मोजता येत असल्याने दूरच्या वस्तीतील भाषकांच्या आवाजाचा अभ्यासही शक्य झाला. मेक्सिकोतील हालापा माझातेक भाषेत सामान्य, श्वासयुक्त आणि करकरीत असे तिन्ही प्रकारचे स्वर अर्थभेदक आहेत.

भारतीय भाषांचे या विषयात विशेष स्थान आहे. गुजरातीत ‘बार’ म्हणजे बारा आणि ‘बहार’ म्हणजे बाहेर. बोलण्यात या दोन शब्दांमधला फरक बहुधा स्वराच्या श्वासयुक्ततेवरच उभा असतो. डॅनिश संशोधक एली फिशर-यॉर्गेनसेन यांनी १९६७ साली गुजरातीतील या स्वरांचे सविस्तर मापन प्रसिद्ध केले. मराठीत ‘बार’ आणि ‘भार’, ‘दार’ आणि ‘धार’ या जोड्यांत श्वासयुक्त घोष व्यंजनासाठी अडवलेली हवा सुटते तेथपासून पुढच्या स्वराच्या आरंभापर्यंत पसरतो. ‘म्हैस’, ‘न्हाणे’, ‘कोल्हा’ या शब्दांत तो अनुनासिक आणि ‘ल’ यांच्यासोबतही येतो. म्हणूनच घ, ध, भ यांना केवळ ‘ख, थ, फ यांची घोष रूपे’ समजणे लॅडेफोगेड यांना अपुरे वाटले. त्यांच्या मते येथे घोषाचा प्रकारच वेगळा आहे. तैत्तिरीय प्रातिशाख्य या वेदोच्चारांवरील प्राचीन ग्रंथात कंठ मिटलेला असता नाद, उघडा असता श्वास आणि मधल्या स्थितीत हकार होतो, असे सांगितले आहे. उपकरणांविना केलेले हे निरीक्षण आधुनिक मांडणीच्या किती जवळ पोहोचले होते, याची नोंद येथे अवश्य घ्यायला हवी.

चिकित्सालयात हेच ध्वनी वेगळ्या अर्थाने भेटतात. स्वरतंतूंवर गाठी आल्या किंवा एका बाजूचा तंतू लुळा पडला, की फट पूर्ण मिटत नाही आणि आवाज श्वासयुक्त होतो. जपानमध्ये तयार झालेल्या आणि मिनोरू हिरानो यांच्या १९८१च्या पुस्तकामुळे सर्वत्र पोहोचलेल्या श्रवणश्रेणीत आवाजातील एकंदर दोष, खरखर, श्वासयुक्तता, क्षीणता आणि ताण यांना ० ते ३ असे गुण देतात. रुग्णाचा श्वासयुक्त घोष आणि ‘भ’नंतरच्या स्वरातील श्वासयुक्त घोष यांचे ध्वनिमापन सारखे दिसू शकते, फरक असतो तो नियंत्रणाचा. निरोगी भाषक तो घोष हवा तेथे आणतो आणि क्षणार्धात सोडतो, तर रुग्णाला तो टाळता येत नाही.

एका रेषेवरची ही मांडणी सोयीची असली, तरी पुरेशी नाही. स्वरतंतूंच्या वरचे कूटतंतू आणि आसपासचे स्नायूही आवाजाला आकार देतात, हे जॉन एस्लिंग प्रभृतींनी पुढे स्वरयंत्राच्या प्रत्यक्ष चित्रणातून दाखवले. तपासणीत रुग्णाकडून लांबवलेला ‘आ’ म्हणवून घेतात, त्यामुळे शेजारच्या व्यंजनांचा परिणाम टळतो. मात्र बोलण्याच्या ओघातील दोष अशा एकट्या स्वरात उमटेलच असे नाही, म्हणून वाक्येही ऐकली जातात. मराठी रुग्णासाठी ही वाक्ये निवडताना महाप्राण घोष व्यंजने (घ, ध, भ यांसारखी) असलेली आणि नसलेली वाक्ये स्वतंत्रपणे तपासणे इष्ट ठरते.