लासोचा फास कसा सुटला अन् परत कसा आवळला

झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकाचं पोस्टर ज्यानं पाहिलं त्याला सांगायची गरज नाही, एका पोस्टरवर दहा-बारा मुंडके, हिरो-हिरोईन मधात मोठे, व्हिलन लाल उजेडात, कॉमेडीवाला कोपऱ्यात डोळे वटारून, अन् खाली आयोजक मंडळाचे पासपोर्ट साईज फोटो, त्यातला एकही राहिला तर रात्री फोन येते. दिवाळी झाली की मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू होतात, वडसा म्हणजे तर नाटक कंपन्यांचं गावच, अन् आजूबाजूच्या तालुक्यात जिथं जिथं फ्लेक्सचं दुकान आहे तिथं होळीपर्यंत एकच काम, फोटो कापा. मी पण तेच करतो, बरेच वर्षं झाले.

यंदा दुकानात एक नवीन पोट्टा लागला, मोबाईलवर बॅकग्राउंड उडवण्यात वस्ताद. त्यानं फोटोशॉप, म्हणजे फोटो कापायचा-सुधारायचा प्रोग्राम, त्यातलं हवा तेवढा भाग घेरून निवडायचं लासो टूल दाबून धरलं अन् विचारलं, भाऊ, एकाच डब्यात तीन तीन लासो कायले ठेवले यायनं? साधा, सरळ रेषांचा पॉलिगोनल अन् तो लोहचुंबकवाला, कडेला आपोआप चिपकणारा मॅग्नेटिक. तेव्हा गिऱ्हाईक बसून होतं म्हणून काही बोललो नाही, पण प्रश्न बरोबर होता, म्हणून आता सगळंच लिहून टाकतो.

लासो म्हणजे फास. घोड्यावर बसून गुराखी लोक दोराचा फेरा फेकतात अन् जनावर धरतात, तो. आपल्याकडं बैल असा पकडायची पाळी येत नाही, दावं सोडलं तरी तो गोठ्यातच येते, पण फास कसा चालते हे कोणालाही कळते. फेकताना सैल, मोठा, जनावराच्या अंगाशी लागलेला नाही, अन् ओढला की आवळते. हे आवळणं लक्षात ठेवा, पुढची सगळी भानगड त्याचीच आहे.

१९८४ ला अ‍ॅपलचा मॅकिंटॉश आला, त्याच्यासोबत मॅकपेंट नावाचा चित्र काढायचा प्रोग्राम आला, तो लिहिला बिल अ‍ॅटकिन्सन यांनी. स्क्रीनवर फक्त काळा अन् पांढरा, मधला राखाडी पण नाही. त्यात लासो होता, अन् तो खराखुरा फास होता, म्हणजे चित्राभोवती तुम्ही कसाही वेडावाकडा फेरा मारा, माऊस सोडला की तो आतल्या बाजूनं आकसत जाऊन काळ्या ठिपक्यांना चिपकून बसे. पोट्ट्याले हे सांगितलं तर त्याला खोटं वाटलं, म्हणे मग हे तर मॅग्नेटिकच झालं. होय नं बाप्पा, पहिला लासोच कड धरणारा होता! त्याला ते जमत होतं कारण काळ्या-पांढऱ्यात कड कुठं आहे याच्यावर भांडणच नाही, ठिपका काळा आहे नाहीतर पांढरा.

सिलेक्शनभोवती ज्या तुटक रेषा सरकत राहतात, आम्ही त्यांना मुंग्याच म्हणतो, त्या पण मॅकपेंटच्याच. निवडलेला भाग चित्रापासून वेगळा कसा दाखवायचा हे अ‍ॅटकिन्सनला सुचत नव्हतं, अन् ते सुचलं बारमधली बिअरची पाटी पाहून, पाटीवर दिव्यांच्या करामतीनं पाणी वाहते असं दिसे. आपल्या बारच्या पाट्या पाहून आजवर कोणाला काही सुचल्याचं ऐकलं नाही, असो.

आता थोडं मागं जावं लागते, कारण कॉम्प्युटरच्या आधी पण फोटो कापतच होते. ज्या दादांच्या हाताखाली मी शिकलो ते आधी प्रेसमधे होते. ते सांगत, फोटोची कॉपी घ्यायची, ब्लेडनं कडेकडेनं कापायची, मागून गोंद लावून चिपकवायची, अन् कापल्याची पांढरी किनार दिसली तर तिच्यावर पेन्सिल फिरवायची. निगेटिव्हवर करायचं असलं तर खालून लाईट असलेल्या काचेवर निगेटिव्ह ठेवून बारीक ब्रशनं नको तो भाग ओपेकनं, म्हणजे उजेड अडवणाऱ्या रंगानं, भरायचा. मोठ्या प्रेसमधे त्यासाठी रुबिलिथ नावाची लाल फिल्म राहायची, पातळ, खालच्या पारदर्शक शीटवर चिपकलेली, तिला चाकूनं हवा तसा आकार कापायचा अन् नको ते सोलून काढायचं. लालच काऊन, तर छपाईच्या त्या फिल्मला लाल उजेड दिसतच नाही, तिच्यासाठी लाल म्हणजे काळा, पण माणसाला लालमधून खालचं चित्र दिसते, म्हणून कापता येते. फोटोशॉपमधे क्यू दाबला की क्विक मास्क, म्हणजे न निवडलेला भाग झाकणारा पडदा, लाल होते ना, तो रंग तिथून आला. दादांनी पहिल्यांदा क्विक मास्क पाहिला तेव्हा मला समजवायच्या आधीच ते हसले, म्हणे हे तर आपलं मास्किंग आहे, फक्त हात खराब होत नाही.

फोटोशॉपची सुरुवात १९८७ ची. थॉमस नोल मिशिगन विद्यापीठात पीएचडी करत होता, अभ्यास टाळायला म्हणा की कशाला, त्यानं मॅकवर राखाडी फोटो दाखवणारा एक छोटा प्रोग्राम लिहिला, नाव डिस्प्ले. त्याचा भाऊ जॉन सिनेमाचे इफेक्ट करणाऱ्या इंडस्ट्रियल लाईट अँड मॅजिकमधे होता, तो म्हणत गेला हे टाक, ते टाक, अन् भावाभावाच्या नादात ते वाढत गेलं. १९८८ ला अ‍ॅडोबी कंपनीसोबत बोलणं जमलं, १९९० च्या फेब्रुवारीत पहिलं व्हर्जन निघालं, ते पण फक्त मॅकसाठी. लासो त्यात पहिल्या दिवसापासून आहे, मॅजिक वाँड पण.

पण इथंच फास सुटला. फोटो म्हणजे काळं-पांढरं नाही, गालावरचा उजेड कानाकडं जाता जाता सावलीत उतरते, केसाची किनार मागच्या भिंतीत मिसळते, कड म्हणून एक रेष राहतच नाही, राहते तो उतार. तिथं आपोआप आवळायचं म्हटलं तर कशावर जाऊन थांबायचं? म्हणून फोटोशॉपचा लासो साधा झाला, तुमचा हात जिथून फिरला तिथूनच सिलेक्शन, माऊस सोडला की सुरुवातीच्या टोकाला सरळ रेषेनं बंद. नाव फासाचं, काम ब्लेडचं.

मॅजिक वाँड दुसऱ्या बाजूनं येते, त्याला कडेशी घेणंदेणं नाही, तुम्ही क्लिक केलेल्या ठिपक्यासारख्याच रंगाचे शेजारी गोळा करत सुटते, रंगात किती फरक चालवून घ्यायचा तो टॉलरन्स ३२ वर राहते, ते कमीजास्त करायचं. स्टुडिओत निळ्या पडद्यासमोर काढलेला फोटो असला तर एका क्लिकमधे काम होते, अन् शेतात काढलेला असला तर धानातून थेट माणसाच्या हिरव्या शर्टात घुसते. कामाचं आहे, पण त्याच्या भरवशावर राहू नये.

हातानं लासो फिरवणं म्हणजे काय हे आता माऊसच्या लाल लाईटवर वाढलेल्या पोट्ट्यांना सांगून कळत नाही. आमच्या माऊसखाली रबरी गोळी होती, उन्हाळ्यात दुकानासमोरून ट्रॅक्टर गेला की धूळ आत, गोळी काढून नखानं रोलरचा मळ खरवडायचा अन् परत बसायचं, अन् कपाळावरून नाकाकडं येताना नेमकी ती अटकायची की नाक गेलं. म्हणून आम्ही लासो फक्त ढोबळ कामाला वापरत होतो अन् बारीक कटिंग पेन टूलनं, त्यात ठिपके ठोकत कडेकडेनं रेष काढायची, तिला पाथ म्हणतात. पेन १९९१ च्या दुसऱ्या व्हर्जनमधे आला, दादा आजही म्हणतात शिकायचं तर पेन शिक, बाकी सगळे जुगाड. पेनचा अजून एक फायदा होता तो पुण्या-मुंबईवाल्यांना नाही कळणार, पाथ फाईलमधे सेव्ह होते, अन् लासोचा फेरा अर्ध्यात असताना लाईन गेली तर पाऊण तासाची मेहनत गेली. त्या काळात लोडशेडिंगचं टाईमटेबल पाहूनच कोणतं टूल घ्यायचं ते ठरायचं.

मग कड परत कशी सापडली? हे काम कॉलेजवाल्यांनी केलं. १९८८ मधे कॅस, विटकिन अन् टर्झोपोलस या तिघांनी स्नेक्स नावाची युक्ती छापली, म्हणजे कडेजवळ एक रबरासारखी रेष टाकायची, ती वळवळत जाऊन कडेवर बसते. डोकं भारी, पण रेष आधी टाकायची अन् मग ती कुठं जाऊन बसते ते पाहत राहायचं, चुकली तर परत टाका. खरी गाडी पुढं गेली १९९५ ला, कॉम्प्युटर ग्राफिक्सच्या सिगग्राफ परिषदेत, युटामधल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाचे एरिक मॉर्टेन्सन अन् विल्यम बॅरेट यांनी इंटेलिजेंट सिझर्स दाखवली, हुशार कात्री. याला लाईव्ह वायर पण म्हणतात, कारण तुम्ही एका ठिकाणी क्लिक करून माऊस नुसता फिरवला तरी त्या ठिकाणापासून माऊसपर्यंत रेष जिवंत तारेसारखी सळसळत कडेवर चिपकत येते, अन् आवडली की क्लिक.

ही आत कशी चालते ते मी पोट्ट्याला धानाच्या बांध्यांवरून, म्हणजे शेताच्या तुकड्यांवरून, समजवलं. समज पावसाळा आहे, रोवणा सुरू आहे, अन् तुला बांध्यांच्या या टोकापासून त्या टोकाला जायचं आहे. सरळ नाकासमोर चिखलातून गेलास तर अंतर कमी पण प्रत्येक पाऊल गुडघाभर, अन् धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, गेलास तर वळसा पडते पण पाय सुखानं पडते. तू काय करशील, धुऱ्यावरूनच जाशील. कॉम्प्युटर पण फोटोच्या प्रत्येक ठिपक्यावर पाय ठेवायची किंमत लावते, जिथं उजेड एकदम बदलते ती कड, म्हणजे धुरा, तिथं किंमत कमी, अन् सपाट गालावर, सपाट भिंतीवर किंमत जास्त, म्हणजे चिखल. मग दोन क्लिकांच्या मधात सगळ्यात स्वस्त रस्ता कोणता ते काढते, अन् तो रस्ता आपोआप कडेकडेनं निघते.

स्वस्त रस्ता काढायची रीत तर फोटोशॉपच्या पण खूप आधीची. हॉलंडचे एड्स्गर डायक्स्ट्रा यांनी ती १९५६ ला शोधली अन् १९५९ ला छापली. अ‍ॅमस्टरडॅममधे होणाऱ्या बायकोसोबत खरेदी करून थकले, कॉफी प्यायला बसले, अन् कागद-पेन्सिल न घेता वीस मिनिटात डोक्यातच सुटलं, रॉटरडॅमहून ग्रोनिंगनला जवळच्या रस्त्यानं कसं जायचं असा तो प्रश्न होता. त्यांच्या डोक्यात गावं अन् सडका, आमच्या हाती आलं ते हिरोच्या मिशा कापायचं टूल.

१९९८ ला फोटोशॉप ५ आला अन् त्यात मॅग्नेटिक लासो. चौदा वर्षांनी फास परत आवळायला लागला. जिम्प हा फुकटातला प्रोग्राम आहे त्यात मात्र कात्री कात्रीच राहिली, इंटेलिजेंट सिझर्स याच नावानं. दोन्हीत फरक आहे. जिम्पमधे तुम्ही एक एक खुंटी ठोकत जाता अन् मधली रेष ते काढते, खुंटी नंतर सरकवता पण येते. मॅग्नेटिकमधे कडेजवळून माऊस नुसता चालवत राहायचा, तो मागं मागं आपल्या खुंट्या ठोकत येते. तो पूर्ण फोटोत शोधत नाही, माऊसभोवती जेवढी विड्थ दिली तेवढ्याच पट्ट्यात कड पाहते, सुरुवातीला १० पिक्सेल, कड किती ठळक पाहिजे तो कॉन्ट्रास्ट १० टक्के, अन् खुंट्या किती दाट त्याची फ्रीक्वेन्सी ५७. कॅप्स लॉक लावला की तो विड्थचा गोल डोळ्यानं दिसते, हे तर मला पाच-सहा वर्षांनी कळलं. चुकीच्या जागी खुंटी पडली तर बॅकस्पेस, जिथं कडच नाही तिथं ऑल्ट धरून हातानं ओढा. अन् घाईत डबल क्लिक करू नका, फेरा तिथंच बंद होते अन् मुंग्या माणसाच्या तोंडावरून आडव्या चालतात.

धुऱ्याचं भांडण पण यात आहेच. शेजाऱ्याचा धुरा जास्त मोठा असला तर रस्ता तिकडं वळते, म्हणजे माणसाच्या खांद्याची कड पुसट अन् मागच्या दरवाजाची चौकट ठळक असली तर लासो खांदा सोडून चौकटीवर जाऊन बसते. माझ्या हातून झालेलं सांगतो. एका सरपंचाचा वाढदिवसाचा फ्लेक्स, दहा बाय आठचा, पांढरी टोपी, पांढरा सदरा, मागं चुना मारलेली भिंत अन् भिंतीवर कॅलेंडर. रात्रीचे साडेअकरा, मी मॅग्नेटिक फिरवला, कानापर्यंत बरोबर आला, टोपीची कड त्याला काही केल्या दिसेना, पांढऱ्यात पांढरं, तर त्यानं टोपीच्या मधातली घडी धरली, घडीची सावली हीच त्याला कड वाटली. कॉन्ट्रास्ट कमी करायला पाहिजे होता नाहीतर ऑल्ट दाबून हातानं काढायला पाहिजे होतं, मी स्क्रीनवर लहान साईजमधे पाहिलं अन् ठीक आहे म्हणून प्रिंटला टाकलं. सकाळी बसस्टँडच्या चौकात फ्लेक्स लागला, अर्धी टोपी उडालेली, वर निळं आभाळ अन् त्यात ढग. ते स्वतः आले, रागावलेले नव्हते तेच जास्त लागलं, म्हणे, काय बे पोट्टेहो, माही टोपी कोनं कापली? फ्लेक्स दुसरा दिला, पैसे माझ्या पगारातून.

त्यानंतरचं लवकर सांगतो. २००४ ला मायक्रोसॉफ्टच्या केंब्रिज इथल्या संशोधकांनी ग्रॅबकट काढलं, चौकट टाका अन् आतला माणूस ते काढते. २००७ ला फोटोशॉप सीएस ३ मधे क्विक सिलेक्शन अन् कड साफ करायचं रिफाईन एज आलं, ब्रशनं रंगवल्यासारखं फिरवा अन् सिलेक्शन पसरत जाते, तेव्हापासून मॅग्नेटिकला हात लावणारे कमी झाले. २०१८ च्या सुरुवातीला सिलेक्ट सब्जेक्ट आलं, ते धुरा शोधत बसत नाही, हजारो फोटो दाखवून शिकवलेलं आहे, त्याला माणूस कसा दिसते ते माहीत आहे. पांढऱ्या भिंतीपुढची पांढरी टोपी ते बरेचदा बरोबर काढते. बरेचदा. आमच्या एका मशीनवर मात्र अजून फोटोशॉप सात नंबरच आहे, २००२ चा, कारण त्याच्या पुढचं व्हर्जन ते मशीन उचलत नाही.

परवा पोळ्याचा एक फोटो आला होता, मालकाला बैलजोडी नुसती कापून पाहिजे होती, मागं मोठा सूर्य टाकून. पोट्ट्यानं नवीन मशीनवर बटन दाबलं, दोन सेकंदात बैल वेगळे, शिंगं साफ, झूल साफ, तो माझ्याकडं पाहून हसला. मग झूम केलं. मालकाच्या हातातला कासरा मालकासोबतच उडाला होता अन् नाकापाशी येसणीचा एवढासा तुकडा हवेत लटकत होता, मानेखालचे गोंडे मधातून सपाट कापलेले. मालक म्हणे कासरा पाहिजे, बिनकासऱ्याचा बैल कसा दिसते मग? पोट्ट्यानं दोनदा परत बटन दाबलं, तेच आलं. शेवटी मी त्याला बाजूला सरकवलं, मूळ फोटो घेतला, तीनशे टक्क्यावर नेला, साधा लासो, कड किंचित मऊ करायचा फेदर एक, अन् येसणीपासून कासरा धरून हळूहळू खाली येत गेलो.