बीसीएए प्यायल्याने स्नायू वाढतात का?

बीसीएए म्हणजे पाण्यात मिसळून प्यायची अमिनो आम्लांची, म्हणजे प्रथिनाच्या घटकांची, पूड. तिच्याबद्दल पुण्यातल्या जिमच्या ग्रुपांवर वर्षानुवर्षं फिरणारा मेसेज: ‘व्यायामाच्या वेळी बीसीएए प्या, स्नायू झिजत नाहीत, झपाट्याने वाढतात.’

यातलं खरं इतकंच, की बीसीएएमधलं ल्युसिन स्नायूंतली प्रथिनबांधणी सुरू करतं. पण ती पुढे चालायला आहारातूनच मिळणारी नऊही अमिनो आम्लं लागतात आणि बीसीएएत त्यांतली तीनच असतात: ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन. पोटात अन्न नसेल तर उरलेली सहा येतात प्रामुख्याने स्नायूंचंच प्रथिन मोडून. म्हणजे पहाटे उपाशीपोटी नुसतं बीसीएए पिऊन सिंहगड चढणाऱ्याला जे टाळायचं असतं, ते टळतच नाही.

फायदा सांगणारा प्रयोग कुणी दाखवला, तर तुलना कशाशी केली ते आधी पाहा. नुसत्या चवीच्या पाण्याशी केली, तर थोडा फरक दिसू शकतो. पुरेसं प्रथिन खाणाऱ्यांत मात्र स्नायू किंवा ताकद जास्त वाढल्याचं सातत्याने आढळत नाही. व्यायामानंतरचं अंग दुखणं काही प्रयोगांत थोडं कमी झालं, तेवढं मान्य करायला हवं.

बीसीएएचा डबा विकत घेण्याआधी एक दिवसाचा हिशेब घाला. नियमित वजनं उचलणाऱ्याला दर किलो वजनामागे सुमारे १.६ ग्रॅम प्रथिन पुरतं. ६० किलोला ९६ ग्रॅम. एका अंड्यात ६, पाव लिटर दुधात ८, १०० ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८, ५० ग्रॅम कच्च्या तूरडाळीत ११. दुधाच्या प्रथिनाचा जवळपास पाचवा हिस्सा बीसीएएच असतो, शिवाय उरलेली सहाही सोबत येतात. बेरीज कमी भरली, तर पैसे आधी दूध-अंड्यांवर घालावेत. मूत्रपिंडाचा आजार असेल, तर प्रथिन वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.