डूला (गोवा)

डूला म्हणजे गरोदरपणात, कळा सुरू असताना आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या दिवसांत स्त्रीला सोबत करणारी प्रशिक्षित मदतनीस. कंबर दाबून देणे, श्वासाची लय सांभाळणे, कूस बदलायला किंवा चालायला मदत करणे, घोटघोट पाणी पाजणे, डॉक्टरांचे म्हणणे सोपे करून सांगणे हे तिचे काम. आतून तपासणे, बाळाचे ठोके मोजणे, औषध देणे तिच्या कक्षेत येत नाही. जुनी सुईण, म्हणजे गोव्यातली वोयजीण, बाळंतपण स्वतः करी. डूला करत नाही.

सतत सोबतीचा उपयोग केवळ धीरापुरता नाही. कॉक्रेन या, वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या, १७ देशांतील २६ चाचण्यांवरच्या २०१७ च्या आढाव्यात अशा सोबतीने सिझेरियन कमी होत असल्याचे आणि कळांचा काळ थोडा घटत असल्याचे दिसले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९–२१) गोव्यात जवळपास सगळी बाळंतपणे दवाखान्यात होतात आणि त्यांतली सुमारे ३९ टक्के सिझेरियनने.

भारतात डूलासाठी सरकारी परवाना किंवा नोंदणी नाही. खासगी संस्था काही दिवसांचा वर्ग, वाचन आणि प्रत्यक्ष बाळंतपणांतील सोबत यांवर प्रमाणपत्र देतात. १९९२ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेली डोना ही त्यांतली जुनी संस्था. वर्ग सहज पुरा होतो, अडते ते लेबर रूमच्या दाराशी. केंद्राच्या २०१६ च्या सूचनांनी सरकारी दवाखान्यांत सोबतिणीला मुभा दिली. ती नात्यातली बाई असावी, शक्यतो स्वतः बाळंतपणातून गेलेली, कर्मचाऱ्यांच्या कामात तिने ढवळाढवळ करू नये, अशा अटी त्यात आहेत. दवाखाना डूलालाही आत घेत असेल, पण जागा एकीचीच असेल, तर आई आत जाणार की डूला, हे घरात आधीच ठरलेले बरे (सासूबाईंचा प्रश्न निराळा). खासगी दवाखान्यात सगळे डॉक्टरांच्या मर्जीवर, म्हणून जाणती डूला एखाद्या तपासणीला गरोदर बाईबरोबर जाऊन त्यांची ओळख करून घेते. कोकणी आणि मराठी दोन्ही बोलता येणे इथे प्रमाणपत्राइतकेच कामी येते.

मोबदला बहुधा बाळंतपणामागे ठरतो: आधीच्या भेटी, प्रत्यक्ष सोबत, नंतरची एखादी खेप. साधारण अडतिसाव्या आठवड्यापासून रात्री-अपरात्री निघायची तयारी ठेवावी लागते, म्हणून बदली डूला हाताशी हवी. दिवाडीसारख्या बेटावर राहणारीने फेरीबोटीची वेळही धरून चालावे.