गॅस गिझर, बॉयलर आणि धुराची वाट: आपल्याकडची पार्श्वभूमी

थंडीच्या दिवसात बाथरूममधल्या गिझरनं कुणीतरी गेल्याची बातमी वाचायला मिळते आणि तिच्यात बहुतेकदा 'गॅस गळती' असं छापलेलं असतंय. गळती झाली तर वास येतो की, त्यासाठीच तर सिलिंडरच्या गॅसमध्ये वास घातलेला असतो. इथं गॅस जळालेला असतो पण अर्धवट, कारण जळायला हवा पुरलेली नसते, आणि त्यातनं होणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला ना वास ना रंग. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा 200 पट जास्त ओढीनं त्याला धरतं, त्यामुळं माणूस ओरडायच्या आधीच खाली बसतो.

आधी आपल्याकडं पाणी तापवायला बंब होता. तांब्याचा, मधोमध आरपार नळी, खाली जाळी, जाळीखाली राख पडायला जागा. वरनं काटक्या, करवंट्या, शेंगांची फोलपटं टाकायची. मधली नळी तापली की आतली गरम हवा वर सुटायची आणि जाळीखालनं ताजी हवा आपोआप आत ओढली जायची, म्हणजे हवा घेणं आणि धूर सोडणं दोन्ही एकाच नळीच्या जोरावर. शिवाय बेळगावातल्या शहापूर, वडगावच्या जुन्या घरात न्हाणी मागच्या बाजूला, वर मंगळूरी कौलं, कौलांच्या फटीतनं धूर जायचा तो जायचाच. डोळे चुरचुरायचे, पण चुरचुरतंय म्हणूनच माणूस दार उघडायचा.

पुढं स्लॅबची घरं आली, न्हाणी घरात आली, तिची बाथरूम झाली, टाईल्स छतापर्यंत गेल्या आणि वरच्या झरोक्याला काच बसली. घर असं बंद होत गेलं आणि नेमकं त्याच काळात बंब मोडीत गेला आणि गॅस आत आला. गॅसचा धूर दिसत नाही, भिंत काळी होत नाही, मग नळी कशाला, असा सगळ्यांचा समज झाला.

हा घोळ काही आपणच पहिल्यांदा घातला असंही नाही. 1868 ला लंडनमध्ये एका रंगाऱ्यानं गॅसवर झटपट पाणी तापवणारं यंत्र काढलं, गिझर हे नाव त्याचंच, आणि त्यालाही धूर बाहेर न्यायची नळी नव्हती. तिकडं मग हळूहळू नळी आली, नंतर आगीचा कप्पाच खोलीपासून बंद, हवा बाहेरनं आत आणि धूर परत बाहेर, अशी रूम-सील्ड पद्धत आली. 1998 च्या ब्रिटिश नियमात तर न्हाणीघरात रूम-सील्ड सोडून दुसऱ्या पद्धतीचं गॅस उपकरण बसवायलाच मनाई आहे.

आपल्याकडं 2005 ला एलपीजीवरच्या 'मिनी' घरगुती वॉटर हीटरसाठी आयएस 15558 हे वेगळं मानक आलं. बाजारात मात्र भरले ते मिनिटाला पाच-सहा लिटर पाणी देणारे, स्वस्त आणि बिननळीचे गिझर, आणि खरा वाद इथंच आहे. विकणाऱ्यांचं म्हणणं साधं: माणूस दहा मिनिटं अंघोळ करणार, 20 मिनिटांनी गिझर आपोआप बंद होतो, झरोका उघडा ठेवा असं पुस्तिकेत छापलंय, आणखी काय पाहिजे? ऐकायला बरोबर वाटतंय. पण हिशोब करून बघा. सहा लिटरचा गिझर पूर्ण जोरात तासाला साधारण एक किलो गॅस खातो आणि एक किलो एलपीजी जळायला 12-13 घनमीटर हवा लागते. पाच बाय सात फुटांच्या, आठ फूट उंच बाथरूममध्ये सगळी मिळून हवा आहे जेमतेम 8 घनमीटर. म्हणजे त्या 20 मिनिटांतच निम्म्या खोलीची हवा गेली. आणि घरात चारजण एकामागोमाग अंघोळीला जातात, प्रत्येकाला टायमर नव्यानं सुरू होतो पण हवा नवीन येत नाही, हे त्या पुस्तिकेत कुठंच धरलेलं नाही. माझ्या मते बिननळीचा गिझर बाथरूमच्या आत बसवायची वाट तेव्हाच बंद करायला पाहिजे होती. झरोका उघडा ठेवा हे बेळगावच्या जानेवारीत कोण ऐकणार?

मग लोक एक्झॉस्ट फॅन बसवतात. त्यात पण गंमत आहे. दार घट्ट, खाली फट नाही, तर फॅन ओढणार कुठली हवा? आणि गिझरला नळी असेल तर तो नळीतनंच उलटा धूर आत ओढू शकतो. दाराला खाली जाळी पाहिजे, ती पडदा नाहीतर पायपुसणं लावून झाकायची नाही.

2013 ला दाभोळ-बेंगळुरू पाईपलाईन सुरू झाली, ती बेळगाव जिल्ह्यातनंच जाते, आणि पुढं शहरात घरोघरी पाईपचा गॅस यायला लागला. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खाली साठतो. पाईपचा गॅस हलका, छताला जातो. म्हणजे खालच्या भोकावर भागायचं तिथं आता वर पण भोक पाहिजे, हे जोडणी करून देणारा प्रत्येकजण सांगतोच असं नाही. जुना गिझर तसाच पाईपला जोडून चालत नाही, बर्नरला गॅस सोडणारी बारीक भोकं, म्हणजे जेट, बदलावे लागतात.

हॉटेलं, लॉन्ड्री, दवाखाने यांच्या बॉयलरचं दुखणं वेगळं आहे. 2025 पर्यंत चालू असलेला 1923 चा बॉयलर कायदा मुळात वाफेच्या दाबाचा, स्फोट होऊ नये म्हणून केलेला, त्यामुळं तपासणीत सगळा जीव शेल (बॉयलरची बाहेरची टाकी) आणि सेफ्टी व्हॉल्व्हवर असायचा. साखर कारखान्यात बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चिपाडाच्या, बॉयलरवर राबलेल्या माणसाला हवा आत ढकलणारा एफडी फॅन, धूर बाहेर ओढणारा आयडी फॅन शिकवावं लागत नाही, पण शहरातल्या लहान बॉयलरखोलीत पावसाळा आला की पावसाची झड आत येते म्हणून हवा यायच्या जाळीवर प्लॅस्टिक ठोकतात आणि मग बर्नर पिवळा का जळतोय म्हणून मेकॅनिकला फोन. लाकडाच्या काळातली विटांची रुंद धुरांडी गॅसलाही तशीच वापरतात. एक घनमीटर नैसर्गिक गॅस जळाला की दीड किलोच्या वर पाणी वाफ होऊन निघतं, रुंद धुरांड्यात ती वाफ थंड होऊन भिंतीवरनं खाली ओघळते, चुना सुटतो, ओढ कमी होते आणि धूर खोलीत परत येतो. हल्ली काहीजण आतनं बेताच्या मापाची स्टेनलेस स्टीलची नळी सोडून घेतात. खर्च बघून बाकीचे पत्र्याचीच लावतात, आणि ती आतनं गंजते.