कलम २०२ गृहयोजना (अमेरिका)

कलम २०२ गृहयोजना : तुटपुंज्या उत्पन्नाच्या वृद्धांसाठी ना-नफा संस्थांमार्फत भाड्याची घरे उभारण्याची अमेरिकी केंद्र सरकारची योजना. १९५९ च्या गृहनिर्माण कायद्यातील कलमावरून हे नाव पडले. दिव्यांगांसाठीची तिची जोडयोजना म्हणजे कलम ८११. पैसा गृहनिर्माण व नागरी विकास खात्याचा. इमारत बांधणार आणि चालवणार ती संस्था. अशा संस्थांपैकी अनेक चर्चशी किंवा ज्यू समाजसंस्थांशी निगडित आहेत.

आरंभी ही योजना अगदी गरिबांसाठी नव्हती. सरकारी चाळवजा वसाहतीत बसण्याइतके जे गरीब नव्हते आणि बाजारभावाचे भाडेही ज्यांना झेपत नव्हते, अशा मधल्या वृद्धांसाठी सरकार संस्थांना कमी व्याजाने कर्ज देई. १९६४ मध्ये दिव्यांगांनाही तिची दारे खुली झाली. पण कर्जाचा हप्ता अखेर भाड्यातूनच निघायचा, त्यामुळे भाडे एका मर्यादेखाली उतरेना. १९७४ नंतर कलम ८ ची, म्हणजे गरिबांच्या भाड्याचा काही भाग सरकारने भरण्याच्या वेगळ्या योजनेची, जोड मिळाली आणि खरे गरीब आत आले. मात्र सरकारच कर्ज देणार आणि त्याच्या हप्त्याला पुरेल एवढे अनुदानही सरकारच देणार, असा द्राविडी प्राणायाम सुरू झाला. १९९० च्या कायद्याने तो थांबवला. बांधकामाची रक्कम आगाऊ मिळू लागली आणि इमारत ४० वर्षे अल्प उत्पन्नाच्या वृद्धांसाठी राखली, तर मुद्दल वा व्याज काहीच फेडावे लागत नाही. दिव्यांगांची योजना स्वतंत्र झाली तीही याच कायद्याने.

कुटुंबातील किमान एकाचे वय ६२ हवे आणि उत्पन्न त्या भागातील मध्यम उत्पन्नाच्या निम्म्याहून कमी. औषधोपचारांसारख्या ठरावीक वजावटी करून उरलेल्या उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के भाडे; महिन्याला १,००० डॉलर उरत असतील तर ३०० डॉलर. चालवण्याचा बाकी खर्च सरकार भरते. घरे बहुधा एका शयनकक्षाची. न्हाणीघरात आधाराचे दांडे, मदत बोलावण्यासाठी ओढायची दोरी. हे शुश्रूषागृह नव्हे : स्वयंपाकघर आपले, किल्लीही आपली. बऱ्याच इमारतींत सेवा-समन्वयक असतो. तो स्वतः शुश्रूषा करत नाही. जेवणाचा डबा, दवाखान्याची गाडी, सरकारी अर्ज यांची जुळवाजुळव करतो. रहिवाशाला वृद्धाश्रमात हलवण्याची वेळ लांबते ती बहुधा त्याच्यामुळे, तरीही त्याच्या पगाराची तरतूद सगळीकडे नसते.

कलम ८११ ची वाट पुढे बदलली. दिव्यांगांना विनाकारण समाजापासून वेगळ्या निवासी देखभाल-संस्थांत ठेवणे हा भेदभाव होय, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये ओल्मस्टेड खटल्यात दिला. २०११ मध्ये अंमलात आलेल्या कायद्याने सर्वसाधारण इमारतींत विखुरलेल्या घरांना भाडेसाहाय्य देण्याची सोय केली. त्या व्यवस्थेत एका इमारतीतील २५ टक्क्यांहून अधिक घरे दिव्यांगांसाठी राखता येत नाहीत.

योजनेची दुखरी नस म्हणजे संसदेची वार्षिक तरतूद. २०१२ पासून काही वर्षे नव्या बांधकामाला पैसाच मिळाला नाही. पुढे तो पुन्हा सुरू झाला, पण एकट्या त्यावर इमारत क्वचितच उभी राहते. अल्प उत्पन्नाच्या घरांत गुंतवणूक करणाऱ्यांना १९८६ पासून मिळणाऱ्या करसवलतींची आणि राज्य-नगरपालिकांच्या निधीची मोट बांधावी लागते. योजनेखालील घरे सुमारे ४ लाख आहेत. मोठ्या शहरांत प्रतीक्षायादी अनेक वर्षांची असते, आणि काही ठिकाणी ती नव्या नावांसाठी बंदच ठेवली जाते.