हृदयाच्या झडपेचा आजार आणि हिरड्यांची काळजी : आमच्या रुग्णांसाठी माहिती

वीज गेल्यामुळे पंखा आणि कॉम्प्रेसर एकदम थांबले, आणि दाढ काढून घेण्यासाठी खुर्चीत बसलेल्या आजोबांच्या छातीतून घड्याळासारखी टिकटिक ऐकू येऊ लागली. यांत्रिक झडप बसवून त्यांना आठ वर्षे झाली होती, परंतु दातांच्या दवाखान्यात ते सांगायचे असते, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हते. दांडिया बाजारातील आमच्या दवाखान्यात येणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी हे पत्रक त्या दिवसानंतर तयार केले आहे.

प्रत्येकाच्या तोंडात व्हिरिडन्स गटाचे स्ट्रेप्टोकॉकस जीवाणू असतात आणि तिथे ते सहसा निरुपद्रवी असतात. हिरड्या सुजलेल्या असतील, तर नुसते घास चावताना किंवा ब्रश करतानाही ते रक्तात शिरतात. निरोगी हृदयात त्यांचा लवकरच निचरा होतो; मात्र संधिवाताच्या तापाने (रुमॅटिक फिव्हर) खरबरीत झालेल्या किंवा कृत्रिम झडपेवर ते चिकटून राहू शकतात आणि तिथे जंतुसंसर्ग होतो. यालाच इन्फेक्टिव्ह एन्डोकार्डायटिस म्हणतात. हा आजार विरळा असला, तरी झाल्यास जिवावर बेततो आणि शिरेतून प्रतिजैविके अनेक आठवडे द्यावी लागतात.

म्हणूनच दात काढण्याआधी दिल्या जाणाऱ्या प्रतिजैविकाच्या एका गोळीपेक्षा रोजच्या हिरड्यांकडे आम्ही अधिक लक्ष देतो. ब्रशवर रक्त दिसले की अनेकजण त्या बाजूला ब्रश लावणेच सोडतात, आणि नेमके तिथेच कीटण साचते. मऊ ब्रशने, हिरडीच्या कडेलगत, दिवसातून दोनदा दात घासावेत आणि दातांमधल्या फटी बारीक ब्रशने किंवा फ्लॉसने स्वच्छ कराव्यात. कीटण काढल्याने दात सैल होतात हा समज खोटा आहे. कीटणामुळे हिरडी आधीच खाली सरकलेली असते, ते निघाल्यावर फक्त दिसू लागते. मशेरी किंवा बजर लावणाऱ्यांनी ती सवय सोडावी, हे वेगळे सांगायला नको. सिगारेट-विडी ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून आजार असूनही रक्त कमी येते, त्यामुळे ‘मला काही त्रास नाही’ या त्यांच्या सांगण्यावर आम्ही विसंबत नाही.

प्रतिजैविकाची गोळी सर्वांना लागत नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००७ मध्ये ती मुख्यतः कृत्रिम झडप असलेल्या, पूर्वी एन्डोकार्डायटिस झालेल्या आणि काही विशिष्ट जन्मजात हृदयदोष असलेल्या रुग्णांपुरती मर्यादित केली आणि २०२१ मध्ये तेच धोरण कायम ठेवले. अशा प्रौढ रुग्णांना दात काढणे, कीटण काढणे अशा कामांपूर्वी ३० ते ६० मिनिटे आधी साधारणपणे २ ग्रॅम अमॉक्सिसिलिन देतात. एक्स-रेसाठी किंवा काढता-घालता येणारी कवळी बसवताना ते लागत नाही. पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्यांनी घरातल्या जुन्या चिठ्ठीवरून क्लिंडामायसिन घेऊ नये, कारण २०२१ पासून त्याची शिफारस केली जात नाही. संधिवाताच्या तापासाठी दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन घेणाऱ्यांच्या तोंडातले जीवाणू त्या औषधाला सरावलेले असू शकतात, म्हणून त्यांना ही गोळी लागणार असेल, तर औषध वेगळे निवडावे लागते. तेव्हा शेवटचे इंजेक्शन कधी घेतले, ते अवश्य सांगावे.

रक्त पातळ करणारी वॉरफरिन किंवा एसेनोकुमॅरॉलची गोळी दात काढायचा आहे म्हणून परस्पर बंद करू नये, कारण कृत्रिम झडपेवर गुठळी होण्याचा धोका असतो. आयएनआरचा (रक्त किती पातळ आहे ते दाखवणाऱ्या तपासणीचा) ताजा रिपोर्ट, झडपेचे कार्ड आणि चालू गोळ्यांची पाकिटे सोबत आणावीत. हृदयविकारतज्ज्ञांशी आम्ही स्वतः बोलतो. हिरड्यांसाठी सर्रास घेतल्या जाणाऱ्या मेट्रोनिडॅझोलमुळे आयएनआर वाढतो, हे दुकानातून परस्पर गोळी घेताना कुणाच्या लक्षात येत नाही.

झडपेचा आजार असलेल्या व्यक्तीला, दातांचे काम झालेले असो वा नसो, कारण न कळता काही दिवस ताप येत राहिला, रात्री घाम फुटला किंवा वजन उतरू लागले, तर मेडिकलमधून प्रतिजैविक आणून घेऊ नये. त्या गोळीने ताप तात्पुरता उतरतो, पण रक्ताच्या कल्चरमध्ये (रक्तातले जीवाणू वाढवून ओळखण्याच्या तपासणीत) जीवाणू सापडेनासे होतात. आधी डॉक्टरांकडे जाऊन झडपेच्या आजाराची कल्पना द्यावी आणि कल्चरसाठी रक्त दिल्यावरच औषध सुरू करावे.