जुन्या लॅपटॉपवर कोणती विंडोज टाकावी?

“फॉरमॅट मारा आणि लेटेस्ट विंडोज टाकून द्या.” काउंटरवर आल्याआल्या बहुतेकांचं पहिलं वाक्य हेच असतं. फॉरमॅट मारायला आमची ना नाही, पण लेटेस्ट विंडोज तुमच्या मशीनला झेपेलच असं नाही. म्हणून लॅपटॉप आणण्याआधी घरीच थोडं बघून ठेवा.

आधी प्रोसेसरचा नंबर बघा. कीबोर्डखालच्या स्टिकरवर नुसतं ‘आय-५’ असतं, त्यावरून काही ठरत नाही. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून ‘सिस्टम’ उघडा. आय-५ च्या पुढे ७२०० दिसलं तर तो सातव्या पिढीचा, ८२५० दिसलं तर आठव्या. (१०३५ दिसलं तर ती दहावी पिढी, पहिली समजून हिरमुसू नका.) विंडोज ११ ला इंटेलची आठवी किंवा त्यापुढची पिढी लागते. सातवीतले अगदी मोजके प्रोसेसर चालतात. शिवाय ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची चिप) हवं. रॅमचा हा आकडा कागदावरचा आहे. ४ जीबीवर ११ रांगते, ८ जीबी असेल तरच टाका.

यूट्यूबवर बघून जुन्या मशीनवरही ११ बळेच चढवता येते. आम्ही ते करून देत नाही. अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी खुद्द मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि बिघडलं की तुम्ही आमच्याकडेच येणार.

मग सातव्या पिढीपर्यंतच्या मशीनचं काय? विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्या दिवशी ती बंद पडली नाही, फक्त सुरक्षेचे नेहमीचे अपडेट थांबले. मायक्रोसॉफ्ट अकाउंटवरून नोंदणी केली तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ते मिळतात. लॅपटॉपवरून बँकेचे व्यवहार करत असाल तर ही नोंदणी टाळू नका. विंडोज ७ मात्र कृपया मागू नका. तिच्यावर नवा क्रोमसुद्धा चढत नाही.

आता खरी गोम. लॅपटॉप संथ चालतो त्याचं खापर विंडोजवर फुटतं, पण बऱ्याचदा दोषी असते जुनी हार्ड डिस्क. परवा एक शिक्षिका “११ टाकून द्या” म्हणत आल्या. टास्क मॅनेजर उघडून दाखवला: एकही प्रोग्राम चालू नव्हता, तरी डिस्क १०० टक्क्यांवर लाल झालेली. प्रोसेसर सहाव्या पिढीचा. आम्ही एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) बसवली आणि विंडोज १० च ठेवली. आधी मशीन चालू करून त्या चहा टाकायला जायच्या. आता पासवर्ड टाकेपर्यंत डेस्कटॉप समोर असतो. पैसे खर्चायचेच असतील तर आधी एसएसडीवर, मग रॅमवर.

नेट, मेल, यूट्यूब आणि युनिकोड मराठी टायपिंग एवढंच काम असेल तर विंडोजऐवजी टाकता येणाऱ्या लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती बघा. फुकट आहे, जुन्या मशीनवर हलकी चालते, आणि मिंट २२ ला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट आहेत. दुकानात एक लॅपटॉप त्यावरच चालू असतो, बसून हात फिरवून बघा. टॅली, श्रीलिपी किंवा डीएससी (डिजिटल सहीच्या) टोकनवर काम करणाऱ्यांनी मात्र विंडोज सोडू नये.

लॅपटॉप कंपनीतूनच विंडोज १० घेऊन आला असेल तर तिचं लायसन्स त्या मशीनशी जोडलेलं असतं. तीच आवृत्ती परत टाकली की नेट जोडल्यावर ती आपोआप ॲक्टिव्हेट होते, आणि मशीन वरच्या अटींत बसत असेल तर ११ वर जाणंही मोफत आहे. आमच्याकडे पैसे फक्त मजुरीचे.

येताना चार्जर आणा. डेस्कटॉपवर ठेवलेल्या फायली सी ड्राइव्हमध्येच असतात आणि फॉरमॅटमध्ये जातात. लग्नाचे फोटो, टॅलीचा डेटा, मुलांचे प्रोजेक्ट कुठे आहेत ते कागदावर लिहून द्या. बॅकअप तुमच्यासमोर काढू, तुम्ही उघडून बघितल्यावरच फॉरमॅटला हात लावू.